कुलदैवत आणि किनारा : गोव्याची सहल दोन्ही बाजूंनी कशी आखावी

महाराष्ट्रातून गोव्याला जाणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट असतात. पहिला गट कुलदैवताला जातो. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, अभिषेक, प्रसाद, संध्याकाळी मिरामारला पाय ओले करून परतीची गाडी. दुसरा गट कळंगुट-बागाच्या पट्ट्यात उतरतो, तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, आणि फोंडा नावाचा तालुका असतो हे त्याच्या गावीही नसतं. दोन्ही गट परत येऊन ‘गोवा केला’ म्हणतात. गोव्याचं क्षेत्रफळ जेमतेम ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच सहलीत सहज बसतात. त्यासाठी ‘एक दिवस नॉर्थ, एक दिवस साऊथ’ असली बसची सहल मात्र सोडून द्यावी लागते. त्या सहलीत दिवसातला निम्मा वेळ पार्किंगमध्ये जातो.

हाताशी चार-पाच रात्री आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे.

१. आधी पंचांग, मग तिकीट

बहुतेक जण सुट्ट्या बघून तिकीट काढतात. गोव्यासाठी आधी पंचांग उघडा, कारण इथला समुद्रही तिथीवर चालतो आणि देवही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात चांगली. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा सोडा, त्या दिवसांत किनारपट्टीचे रस्ते तुंबलेले असतात आणि खोलीचे दर विचारायची सोय नसते. माझी पसंती माघ-फाल्गुनाला. माघात मंगेशीची जत्रा असते, त्याच सुमारास कार्निव्हलही येतो (पणजीतली मोठी मिरवणूक शनिवारी निघते), आणि फाल्गुन पौर्णिमेच्या आगेमागे शिगमो सुरू होतो. शिगमोच्या शहरी मिरवणुकांत रोमटामेळ (नाचत जाणारे जथे) आणि चित्ररथ दिसतात. ढोल-ताशांच्या गजरात ‘ओस्सय, ओस्सय’ करत पुढे सरकणारी रोमटं एकदा तरी रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहावीत. पण खरा शिगमो गावात असतो. डिचोली-सत्तरीकडची घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच) बघायला मिळाली तर मिरवणूक चुकली तरी चालेल.

पावसाळ्यात पोहायला जाऊ नका, पण गोव्याला जरूर जा. २४ जूनला सांजांव असतो. डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून माणसं विहिरीत उड्या मारतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाला होतो. चतुर्थीला कुणाच्या घरी जायचा योग आला तर गणपतीच्या डोक्यावरची माटोळी नीट बघा. लाकडी चौकटीला रानातली फळं, कंदमुळं, सुपारीचे घोस, पानं असं सगळं बांधून टांगलेलं असतं. त्यातली निम्मी नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसालाच ठाऊक असतात. त्यांना विचारलं की ती खूश होऊन सांगत बसतात.

शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते, धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) निखाऱ्यांवरून चालतात. २०२५ मध्ये तिथे चेंगराचेंगरी होऊन माणसं दगावली. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हा बेत करू नका.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकण रेल्वेच्या चांगल्या गाड्या झपाट्याने भरतात. पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, तेव्हा परतीच्या दिवशी पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

२. उतरायचं कुठे

सगळेच मडगावचं तिकीट काढतात. तुमचा मुक्काम म्हापसा, हणजूण, मोरजी भागात असेल तर थिवीला उतरा. पणजी किंवा जुने गोवे असेल तर करमळी. बाणावली, कोलवा आणि दक्षिणेसाठी मडगाव. पाळोळ्यासाठी काणकोण स्टेशन आहे, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात.

मुंबईहून वेळ असेल तर दिवसाची मांडवी एक्स्प्रेस घ्या, कोकण उजेडात दिसतो. पुण्या-मिरजेकडच्यांनी गोवा एक्स्प्रेसचा विचार करावा. ती लोंढ्याहून कॅसलरॉकचा घाट उतरते आणि दूधसागराजवळून जाते. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावर मोपा आहे की दाबोळी हे दोनदा वाचावं. मोपा पेडण्यात, दाबोळी वास्कोपाशी. पाळोळ्याला राहायचं आणि उतरायचं मोपाला, म्हणजे सगळा गोवा उभा ओलांडायचा.

३. मुक्काम दोन ठिकाणी करा

दोन रात्री समुद्रापाशी, दोन रात्री आत. सामान एकदा हलवण्याचा त्रास होतो, पण रोजचा तासा-दीड तासाचा प्रवास वाचतो.

समुद्राकडचं गाव निवडताना कोण बरोबर आहे ते बघा. रात्री जागायचं, संगीत, गर्दी हवी असेल तर कळंगुट, बागा, हणजूण. मुलं आणि आई-वडील बरोबर असतील तर दक्षिणेला बाणावली, वार्का, केळशीचा लांबलचक पांढऱ्या वाळूचा पट्टा. शांतपणे पुस्तक घेऊन पडायचं असेल तर आगोंद. पाळोळ्याचा अर्धचंद्र फार देखणा आहे, मात्र हंगामात तिथे खोपट्यांची दाटी असते.

आतला मुक्काम पणजीत किंवा फोंड्यात. मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळा असतात. खोल्या साध्या, स्वच्छ, आणि पहाटेची नौबत उशाशी. महाजन (देवस्थानाचे पारंपरिक मानकरी) आणि कुळावी (ज्यांचं ते कुलदैवत ती कुटुंबं) यांना तिथे प्राधान्य असतं, त्यामुळे आधी फोन करून विचारा, जत्रेच्या दिवसांत तर महिनाभर आधी.

४. गाडी, पायलट, बस

ओला-उबर इथे चालत नाहीत. ॲपवरची टॅक्सी हवी तर गोवामाइल्स आहे. स्टेशनवर आणि विमानतळावर प्रीपेड काउंटर असतो, तिथे पावती फाडूनच गाडीत बसा. बाहेर घासाघीस करण्यात मजा नाही.

दुचाकी भाड्याने घेणार असाल तर नंबर प्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच ती भाड्याची अधिकृत गाडी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात देणारे भेटतात. पोलिसांनी अडवलं की दंड तुम्हाला भरावा लागतो आणि गाडीवाला फोन उचलत नाही. ताब्यात घेण्यापूर्वी गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा. हेल्मेट मागच्यालाही घ्या.

एकटे असाल तर ‘पायलट’ वापरा. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरून पाठीमागे बसवून नेणारे हे अधिकृत टॅक्सीवाले गोव्यात फार जुने आहेत. कदंबच्या, म्हणजे राज्य परिवहनच्या, बसेस पणजी-मडगाव, पणजी-वास्को अशा मार्गांवर थेट आणि स्वस्त. गावागावातल्या खासगी बसेस मात्र संध्याकाळनंतर विरळ होतात, शेवटची बस किती वाजता ते जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

५. समुद्र : इथे घाई करू नका

गोव्याच्या किनाऱ्यावर ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळे बावटे लावले असतील त्या दोन बावट्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं. लाल बावटा म्हणजे उतरायचं नाही. जून ते सप्टेंबर सगळा किनारा लाल समजा.

माणसं बहुतेक वेळा ओढीच्या प्रवाहात अडकून बुडतात. तो ओळखायची रीत सोपी आहे. पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं वाळूवर उभं राहून लाटांची रांग बघा. दोन्ही बाजूंना पांढरा फेस फुटतोय आणि मध्येच एका पट्ट्यात लाट फुटतच नाही, पाणी तिथे शांत, जरा गढूळ किंवा गडद दिसतंय, वर काडीकचरा बाहेरच्या दिशेला सरकतोय. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा पोहायला सुरक्षित वाटते. तिथूनच पाणी आत ओढलं जात असतं. अडकलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दम जातो. अंग सैल सोडा, तरंगत राहा, हात वर करा, आणि येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडा. दारू पिऊन पाण्यात जाण्याबद्दल काही लिहायची गरज पडू नये, पण दरवर्षी पडते.

आता तिथीचा हिशेब. कोकण किनाऱ्यावर जुन्या माणसांचं गणित असं, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकराला. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचला ओहोटी असते, म्हणून किनारा रुंद आणि टणक मिळतो, मुलांना क्रिकेट खेळता येतं. अष्टमीच्या संध्याकाळी त्याच सुमारास भरती असते. पाळोळ्याच्या उत्तर टोकाला समोरचं बेट आहे, तिथे ओहोटीला पाण्यातून चालत जाता येतं. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी चढायच्या आत परत या.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालायला येतात. वन खात्याने कुंपण केलेल्या जागा दिसतील. रात्री तिथे टॉर्च, मोबाइलचा फ्लॅश, गाणी काही नको. उजेडाने मादी अंडी न घालताच परत फिरते.

शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहं) साधारण ऑक्टोबरअखेरीपासून मेअखेरीपर्यंत असतात. उघड्या किनाऱ्यावर दारू पिणं, बाटल्या नेणं, चूल मांडणं याला दंड आहे. शॅकमध्ये बसून प्या, कायद्याने ठरवलेलं वय पूर्ण असेल तर.

दिवसाची मांडणी अशी ठेवा : पहाटे ते साडेनऊ समुद्र, मग आंघोळ आणि न्याहारी, दुपारी सावलीतलं काही (घरं, संग्रहालय, चर्च), पाचनंतर पुन्हा समुद्र. भर बाराला वाळूवर लोळणारे दुसऱ्या दिवशी खोलीत लोळतात.

६. फोंड्याचा दिवस

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा बेट घेतलं आणि सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टी इथली देवळं पाडली. देव मात्र लोकांनी रातोरात नदीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ रामनाथीला. आज ज्या गावाच्या नावाने आपण देवाला ओळखतो ते त्याचं सासर आहे, माहेर समुद्राकडे. किनाऱ्यावरून फोंड्याला जाणारा माणूस नकळत देवाच्याच वाटेने जात असतो, म्हणून हा दिवस किनाऱ्यावरचा मुक्काम हलवतानाच घ्यावा.

सकाळी लवकर मंगेशीपासून सुरुवात करा, पणजीहून वीस-एकवीस किलोमीटर. प्रांगणातली सात मजली दीपमाळ पांढरीशुभ्र आहे, आणि तिच्याकडे बघताना चर्चच्या मनोऱ्याची आठवण झाली तर ती चुकीची नाही. घुमट, कमानदार खिडक्या, काचेची झुंबरं, कठडे हे सगळं त्या काळच्या गोव्यातल्या गवंड्यांच्या हाताचं. पेशवाईत १७३९ साली मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळालं. सोमवारी संध्याकाळी इथे पालखी निघते, जमलं तर फोंड्याचा मुक्काम सोमवारी टाका.

तिथून म्हार्दोळ हाकेच्या अंतरावर. कासवाच्या पाठीवर उभा असलेला पितळी दीपस्तंभ बघा, आणि बाहेर म्हार्दोळची जाई मिळाली तर गजरा घ्या. मग कवळे. शांतादुर्गेचं सध्याचं देऊळ शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांनी १७३८ च्या सुमारास उभारलं.

माझं सगळ्यात आवडतं देऊळ मात्र बांदिवड्याचं नागेशी. हा देव कुठून पळून आलेला नाही, मूळचाच इथला. विजयनगरच्या काळातला, १४१३ चा शिलालेख इथे आहे. सभामंडपात शिरल्यावर मान वर करा. लाकडी पट्टीवर रामायणातले प्रसंग कोरून रंगवलेले आहेत आणि बहुतेक लोक खाली बघत गाभाऱ्याकडे निघून जातात. देवळामागे न जाता आधी समोरच्या तळीच्या पायऱ्यांवर बसा, दुपारच्या वेळी पाण्यातले मासे वर येतात.

दुपारी काही देवळांत गाभाऱ्याचं दार काही काळ बंद असतं. म्हणून मंगेशी, म्हार्दोळ सकाळी, मध्ये जेवण, आणि उरलेली चारनंतर. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे नकोत. गाभाऱ्याचे फोटो नकोत. अभिषेक करायचा असेल तर सोवळं बरोबर ठेवा आणि आदल्या दिवशी पुरोहितांशी बोलून घ्या.

आणखी एक दिवस असेल तर तांबडी सुर्ला गाठा. घाटाच्या पायथ्याशी रानात कदंबकाळातलं महादेवाचं काळ्या बेसॉल्टचं देऊळ आहे. गोव्यात सगळीकडे जांभा, आणि इथे हा काळा दगड.

७. जुने गोवे, आणि नदीपलीकडचं नार्वे

जुन्या गोव्यात लोक बॉम जेझूस पाहून तासाभरात निघतात. सेंट फ्रान्सिस झेवियरची पार्थिव काया तिथे चांदीच्या पेटीत आहे. ही पेटी सतराव्या शतकात गोव्याच्याच सोनारांनी घडवली. चर्च १६०५ मध्ये पवित्र केलं गेलं. बाहेरून गिलावा नसल्याने त्याचा जांभा उघडा दिसतो. समोरचं से कॅथेड्रल आतून बघा, आणि चालत टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या मोडक्या मनोऱ्यापाशी जा, तिथे गर्दी नसते. ही चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. रोज प्रार्थना होते, तेव्हा खांदे झाकलेले असावेत. ३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त (सण) असतं, त्या दिवशी जायचं तर गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवा.

आता जे बहुतेक सहलींत नसतं ते करा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीची फेरीबोट पकडा. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. लोखंडी फळी खाली येते, आधी स्कूटर खडखडत बाहेर, मग स्कूटर आत, माणसं कडेने उभी, कुणाच्या हातात मासळीची पिशवी, कुणाच्या पावांची, आणि फळी पुरती वर जायच्या आतच बोट सुटलेली. पाच-सात मिनिटांत पलीकडे. दिवाडीत शेतं, जुनी घरं, टेकडीवर पियेदादचं चर्च. बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर दुसरी फेरी, ती नार्व्याला सोडते.

नार्व्यात सप्तकोटेश्वर आहे. कदंबांचा हा कुलदेव आधी दिवाडीवर होता. तिथलं देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे आणलं गेलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख दारावर आहे. मराठी माणसाने गोव्यात एकच देऊळ बघायचं ठरवलं तर मी हे सांगेन, मंगेशी त्यानंतर. सकाळी निघालात तर जुने गोवे, दिवाडी, नार्वे आणि परत एवढं जेवणापर्यंत होतं.

८. पणजीची सकाळ-संध्याकाळ

फोंतेन्हसच्या, म्हणजे पणजीतल्या जुन्या वस्तीच्या, गल्ल्या चालतच बघायच्या. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, ऑयस्टर शेलच्या जुन्या खिडक्या. पण ही राहती घरं आहेत. कुणाच्या पायरीवर बसून फोटो काढायचे, कुणाच्या दारात कपडे बदलून रील करायचे हे प्रकार रहिवाशांनी फार सोसले आहेत. सकाळी आठच्या आत जा, हळू बोला.

संध्याकाळी मांडवीवरच्या बोटींतले कोकणी नाच टाळले तरी बिघडत नाही. त्याऐवजी वर्तमानपत्रात तियात्राची, म्हणजे गाण्यांसह रंगणाऱ्या कोकणी नाटकाची, जाहिरात शोधा. तियात्र जन्मलं मुंबईत, १८९२ साली, आणि आज मडगावच्या रवींद्र भवनात किंवा पणजीत हाउसफुल्ल चालतं. कोकणी सगळं कळलं नाही तरी चालतं. मध्येमध्ये येणाऱ्या कांतारांत (गाण्यांत) राजकारण्यांची जी हजेरी घेतात ती टाळ्यांवरून कळते. जत्रेच्या दिवसांत गावात असाल तर मांडवात रात्री मराठी नाटक असतं. गावचीच माणसं, सुतार, शिक्षक, बँकेतले कारकून, संगीत नाटकातली पदं घेतात. खुर्ची मिळाली नाही तर चटईवर बसा.

९. खाणं

पहाटे पोंपों असा रबरी भोंगा वाजला की पोदेर, म्हणजे पाववाला, आला समजा. सायकलच्या मागे टोपली, वर निळं प्लास्टिक. पोई मागा. कोंडा भुरभुरलेली, आतून पोकळ, हाताला गरम. तिच्या पोटात पातळ भाजी घालून खाणं ही इथली न्याहारी. संध्याकाळी गाड्यावरचं रस-ऑम्लेट, शागोतीच्या रश्श्यात बुडवलेलं.

दुपारी साध्या खाणावळीत शीत-कडी, तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, सोलकढी. भाव पाटीवर नसेल तर इसवण (सुरमई) किंवा पापलेट सांगण्यापूर्वी विचारा, ‘आजचा भाव’ तिथेच फुगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीची मासळी आणि सुकं. शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. खतखतं, तोंडाक, मणगणं मिळतं, फोंड्याकडे तर उत्तम.

मार्च ते मे काजूचा मोसम. हुर्राक तेव्हाच मिळतो, पहिल्या धारेचा, हलका, लिंबू आणि मीठ घालून. फेणी बारा महिने. दारू न घेणाऱ्यांनी बोंडूचा (काजूच्या फळाचा) ताजा रस, नीरो, मागावा, तो सकाळीच प्यायचा, दुपारपर्यंत आंबतो.

दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात. कटकट करू नका, तुम्हीही झोपा.

१०. निघताना

खरेदी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात करा. भोंवतालच्या गावांतून बायका आपला माल घेऊन येतात : मोयऱ्याची केळी, सोलं, घरचं व्हिनेगर, दोदोल (एक मिठाई), मातीची भांडी. काजू वासावरून आणि चाखून घ्या, हायवेवरच्या झगमगीत दुकानांपेक्षा इथे बरे पडतात. बेबिंक (थरांचा केक) घ्यायचा तर बेकरीतून, आणि तारीख बघून.

बाटल्यांबद्दल शेवटचं. गोव्यातली स्वस्त दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कवाल्यांचा नाका आहे, खासगी गाड्याही थांबवून डिकी उघडायला लावतात. ‘एकच तर आहे’ हे तिथे चालत नाही. दोदोलाचा डबा मात्र कुणी उघडत नाही.